मापाची वही

यमुना पावसे, वय बावन्न, हर्णै.
केसपेपरवर माझ्याआधी तिघांनी लिहिलेलं: टीबी.
दोनदा सहा-सहा महिने गोळ्या. थुंकी दोन्ही वेळा कोरी.
वजन छत्तीस.
मी चौथी होते, आणि माझं पेनही
त्याच दोन अक्षरांकडे निघालं होतं.

बोटं पाहिली. नखं फुगलेली नव्हती,
नुसता सुकटीचा वास मुरलेला.
पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला, खाली, अगदी तळाशी,
जिथे वण चरचरतो असं आम्हाला शिकवतात,
चपलेचा चिकटपट्टा सोडवावा तसा.
काहीच नाही. खाडीत ओहोटी लागावी
तशी हवा गुपचूप येत-जात होती.
पुस्तकातला रुग्ण साठी उलटलेला पुरुष असतो, विडी ओढणारा.
हिने तोंडाला मशेरीही लावली नव्हती. फक्त
बंदराच्या चढावर पाटी आता तीनदा उतरवायची.

"आणि एक," ती म्हणाली, "हसू नका.
गफूर शिंप्याशी भांडण झालंय माझं.
ब्लाऊजला पुढून झोळ पडतो, गळा उभा राहतो.
तीस वर्षांचं गिऱ्हाईक मी,
आणि माप चुकतो म्हणजे काय?"

मी हसले नाही. लिहिलंही नाही.
कुठल्या रकान्यात लिहितात हे?

रविवारी हर्णैला गेले ती सुरमई घ्यायला.
बर्फाच्या कारखान्याशेजारी, दोन पायऱ्या खाली,
गफूर बुरोंडकर काज करत बसला होता.
मी सहज विषय काढला, तर त्याला लागलं.
उठला, फळीवरून वही काढली,
पानांना खडूची भुकटी.

"चूक माझी नाय, डॉक्टर. वाचा.
तिच्या लग्नापासूनचं माप आहे.
पाठ तेवढीच. खांदा तेवढाच.
पुढची बाजू बघा, सहा वर्षं, दर शिमग्याला थोडी कमी.
बारीक होणारं माणूस सगळीकडून बारीक होतं.
ही पुढून मागे चाललीये.
ती स्वतः विकते ना खारवलेले बांगडे,
तशी चपटी.
आणि हे." त्याने स्वतःच्या गळ्याखाली,
दोन हाडांच्या मधोमध, अंगठा दाबला.
"इथे खळी पडलीये. आधी नव्हती.
गळा उभा राहणार नाय तर काय होणार?"

सुरमई राहिली.

रत्नागिरीहून सीटी आला.
तळ स्वच्छ. वण वर होता, दोन्ही शेंड्यांना,
टीबीच्याच घरात, टीबीच्याच पत्त्यावर,
पण टीबी नव्हे.
पांढरी, जाड, आक्रसत गेलेली साय,
आणि खालचं फुफ्फुस तिच्याकडे वर ओढलेलं.
नाव एवढं लांब की रकान्याबाहेर गेलं,
पुढच्या "पत्ता"वर चढलं.

मी तिला म्हटलं, वण आहे, वरून खाली येतोय.
का, ते कुणालाच नीट माहीत नाही.
म्हटलं, गोळ्या बंद.
देण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं:
न लागणाऱ्या गोळ्या न देणं.
पुढे कधीतरी ऑक्सिजन. आणि छातीत अचानक कळ आली
तर सकाळच्या एसटीची वाट बघायची नाही,
मिळेल त्या टेम्पोत बसायचं.

ती बराच वेळ पदराचं टोक दुमडत राहिली.
"म्हणजे गफूरचं चुकलं नव्हतं."
नव्हतं.
"मग त्याचे अडीचशे द्यायला हवेत.
अडवून ठेवलेत मी गणपतीपासून."

माझ्या टेबलाच्या खणात आता टेप असते,
गफूरनेच दिलेली, पिवळी,
पहिल्या तीन इंचांचे आकडे पुसलेले.
सिस्टर कुरबुरतात, रांग वाढते.
किडकिडीत कुणी खोकत आलं, थुंकी कोरी असली,
की मी आधी गळ्याखाली बघते
आणि मग विचारते, कपडे कोण शिवतं तुमचे?

बहुतेक सांगतात, रेडिमेड.

मग उभं करते त्यांना खिडकीपाशी,
आणि पहिलं माप मीच लिहिते.